पत्त्याचे वाक्य आणि नकाशावरील बिंदू

ग्राहकांच्या पत्त्यांची यादी संगणकावरील तक्त्यात भरावयाची आणि त्या तक्त्यावरून ऑनलाइन नकाशावर बिंदू उमटवून घ्यावयाचे, हा विषय भाषाविज्ञानाच्या संशोधन-पत्रिकेत कोठून आला, अशी शंका काही वाचकांस येणे स्वाभाविक आहे. हे काम व्यापाऱ्याचे, किंवा फार तर भूगोलाच्या अभ्यासकाचे, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु ह्या क्रियेकडे जरा जवळून पाहिले असता तिचा आरंभ नकाशापासून होत नसून एका मजकुराच्या वाचनापासून होतो, हे ध्यानी येते. तो मजकूर म्हणजे पत्ता. पत्ता वाचणारे यंत्र कोणत्या व्याकरणाच्या आधारे तो वाचते आणि पत्ता लिहिणारा मराठी माणूस कोणत्या व्याकरणाने तो लिहितो, ह्या दोहोंतील अंतर जेथे मोठे असते तेथे नकाशा चुकतो. आणि तो चुकला आहे हे नुसत्या नकाशाकडे पाहून कळत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तो.

विवेचनासाठी एका मराठी त्रैमासिकाच्या वर्गणीदारांची यादी डोळ्यांपुढे ठेवली आहे. त्रैमासिकाचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही, आणि उदाहरणादाखल दिलेले पत्ते त्या यादीच्या धाटणीवर रचलेले आहेत, कोणाचे प्रत्यक्ष पत्ते नव्हेत. चालकांना दोन गोष्टी ठरवावयाच्या होत्या. कोणत्या गावी अंकांचा एकत्र गठ्ठा पाठवून तो तेथील विक्रेत्यामार्फत वाटावा, ही एक. आणि कोणत्या भागात वर्गणीदार उरलेलेच नाहीत म्हणून तेथील खटपट थांबवावी, ही दुसरी. दुसऱ्या निर्णयाचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. नकाशावर जो भाग कोरा दिसेल तो पुढील वर्षी खरोखरच कोरा होईल, अशी ही व्यवस्था आहे.

यांत्रिक भाग फारसा अवघड नाही. तक्त्याची पहिली ओळ रकान्यांच्या नावांची, पुढील प्रत्येक ओळ एका ग्राहकाची. गूगलच्या ‘माय मॅप्स’मध्ये नवा नकाशा उघडून हा तक्ता आयात केला म्हणजे जागा कोणत्या रकान्यावरून ठरवावी आणि बिंदूला नाव कोणत्या रकान्यातून द्यावे, एवढे दोन प्रश्न विचारले जातात. एका आयातीत २,००० ओळींपर्यंत मजल जाते. यादी मोठी असेल तर तिचे भाग पाडून ते निरनिराळ्या थरांवर ठेवावे लागतात. ज्यांना गूगलचा आश्रय नको त्यांना २००४ साली सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’चा आधार घेता येतो. त्याच्या ‘नॉमिनॅटिम’ ह्या शोधयंत्राचा सार्वजनिक सर्व्हर मात्र सेकंदास एकापेक्षा अधिक प्रश्न विचारू देत नाही, आणि मोठ्या याद्या त्याच्यावर लादू नयेत असा संकेत आहे. तक्त्यात अक्षांश व रेखांश आधीच असतील तर पत्ता वाचण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. केवळ त्यांचा क्रम सांभाळावा लागतो. पुण्याचे सुमारे १८.५२ अक्षांश आणि ७३.८६ रेखांश उलटसुलट झाले तर पुणे नॉर्वेच्या उत्तरेस समुद्रात जाऊन पडते. ही चूक निरुपद्रवी म्हणावी, कारण ती तत्काळ दिसते. आपल्या विवेचनाचा रोख न दिसणाऱ्या चुकांवर आहे.

अशा चुकांपैकी काही तर पत्ता नकाशापर्यंत पोहोचण्यापूर्वीच, तक्त्यातच घडतात. घरक्रमांक ‘३/५’ असा रोमन आकड्यांत लिहिला की एक्सेल त्याची तारीख करून टाकते. देवनागरी आकड्यांत लिहिलेला पिन बहुधा संख्या म्हणून ओळखला जात नाही. सीएसव्ही फाइल यूटीएफ-८ ह्या संकेतप्रणालीत जतन केली नाही तर देवनागरी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा विचित्र अक्षरे येतात. जुन्या प्रकाशकांच्या याद्या तर श्रीलिपी, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व टंकांत साठविलेल्या असतात. पडद्यावर ‘सातारा’ दिसते, पण संगणकाच्या पोटात त्याच्या जागी रोमन चिन्हांची निरर्थक माळ असते. त्या आधी रूपांतरित करून घ्याव्या लागतात. ह्याहून सूक्ष्म अडचण ‘कऱ्हाड’ ह्या नावात आहे. त्यातील र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: एकदा स्वतंत्र ‘ऱ’ ह्या चिन्हाला हलन्त जोडून, आणि एकदा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही ‘कऱ्हाड’ सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखी ती दोन भिन्न गावे आहेत. लेखनभेद आणि उच्चारभेद ह्यांचा विचार आपण करीत आलो, परंतु डोळ्यांना न दिसणारा लेखनभेद ही ह्या युगाची देणगी होय.

आता मुख्य क्रियेकडे वळू. पत्त्याच्या मजकुरावरून अक्षांश-रेखांश ठरविण्याच्या क्रियेस जिओकोडिंग म्हणतात. येथे तिला स्थाननिश्चिती म्हणू. यंत्र प्रथम मजकुराचे तुकडे पाडते, कोणता तुकडा घराचा, कोणता रस्त्याचा, कोणता गावाचा, ह्याचा तर्क करते, नंतर ते तुकडे स्वतःजवळील स्थळनामांच्या कोशाशी ताडून पाहते, आणि जुळणाऱ्या जागांपैकी तिला सर्वांत योग्य वाटेल ती परत देते. हे पदच्छेद व अन्वय ह्यांचेच काम आहे. गूगलच्या स्थाननिश्चिती सेवेत उत्तराबरोबर त्याचा दर्जाही सांगितला जातो: जागा इमारतीच्या छपरापर्यंत नेमकी आहे, की रस्त्यावरील दोन क्रमांकांमध्ये अंदाजाने बसविलेली आहे, की एखाद्या रस्त्याचा वा वस्तीचा मध्य आहे, की केवळ ढोबळ आहे. पत्त्याचा काही भागच जुळला असेल तर तशीही खूण मिळते. ‘माय मॅप्स’सारख्या सुलभ साधनात मात्र हा दर्जा पाहणाऱ्यास दाखविला जात नाही. चारही प्रकारच्या उत्तरांसाठी एकच, एकाच आकाराचा, सारख्याच ठामपणाने उभा राहिलेला बिंदू. माझ्या मते सर्व अनर्थाचे मूळ ह्या एका सोयीत आहे.

क्रमांकांमध्ये अंदाजाने जागा बसविण्याची रीत कोठून आली, हे जाणणे बोधप्रद आहे. अमेरिकेच्या जनगणना कार्यालयाने १९७० च्या जनगणनेसाठी रस्त्यांच्या फाइली तयार केल्या. त्यांत रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याच्या डाव्या व उजव्या बाजूस कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत घरे आहेत हे नोंदविले होते. शंभरपासून दोनशेपर्यंतचे क्रमांक असतील तर दीडशेवे घर साधारण मध्यावर. ह्या पद्धतीत काही गोष्टी गृहीत आहेत: रस्त्याला नाव असते, घराला क्रमांक असतो, आणि क्रमांक रस्त्याच्या कडेने क्रमाने वाढत जातात. जपानमध्ये बहुसंख्य रस्त्यांना नावच नसते. तेथे पत्ता विभाग, त्यातील चौक-भाग आणि त्यातील इमारत अशा क्रमाने लिहितात, आणि १९६२ च्या कायद्याने ती पद्धत व्यवस्थित केली. म्हणजे पत्त्याचे व्याकरण सर्वत्र एक नाही. आपल्या पुण्यातील ‘शनिवार पेठ’ अधिक घरक्रमांक हा पत्ताही रस्त्याचा नसून क्षेत्राचा आहे. तेथे रस्त्याच्या कडेने जाऊन क्रमांक गाठू पाहणाऱ्या पाहुण्याची जी तारांबळ उडते तीच यंत्राची उडते. शिवाय वारांच्या नावांच्या पेठा साताऱ्यात आहेत, कऱ्हाडात आहेत, कोल्हापुरातही आहेत. गावाचे नाव गळाले की यंत्र सर्वांत प्रसिद्ध पेठ निवडते, आणि साताऱ्याचा वर्गणीदार पुणेकर होतो.

मराठी पत्ता हा मुळात क्रमांकांचा संच नव्हता. तो वाक्याचा भाग होता. जुन्या पत्रांवर ‘राजश्री अमुक यांसी’ असे चतुर्थीतले रूप येई, आणि त्यापुढे मुक्काम. आजही ‘मु. पो.’ ह्या दोन अक्षरांत एक संपूर्ण विधान दडलेले आहे. ‘मुक्काम’ हा अरबीतून आलेला, ‘पोस्ट’ हा इंग्रजीतून आलेला. दोन्ही एकत्र लिहिले की मनुष्य राहतो ते गाव आणि टपालकचेरीचे गाव एकच, असा अर्थ होतो. ‘मु.’ निराळे आणि ‘पो.’ निराळे लिहिले की दोन गावे भिन्न आहेत असे सांगितले जाते, आणि ग्राहक पहिल्या गावी राहतो. लहान गाव स्थळनामांच्या कोशात नसले की यंत्र दुसऱ्या नावावर समाधान मानते. बिंदू टपालकचेरीच्या गावी पडतो, माणूस राहतो तेथे नव्हे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट दर्शक शब्दांची. ‘मारुतीच्या देवळामागे’, ‘ओढ्यापलीकडे’, ‘खालची आळी’, ‘जुन्या चावडीसमोर’ ही पदे आपल्या पत्त्यांत अलंकार म्हणून येत नाहीत. पुष्कळदा पत्त्याचा नेमका भाग तोच असतो. परंतु ‘अलीकडे’ आणि ‘पलीकडे’ ह्यांचा अर्थ बोलणारा कोठे उभा आहे ह्यावर अवलंबून असतो, आणि ‘वरची’ व ‘खालची’ ह्यांचा उताराच्या किंवा ओढ्याच्या दिशेवर. मुंबईत ‘दादर (प.)’ म्हटले म्हणजे पश्चिम ही रेल्वेच्या रुळांपासून मोजलेली असते. हे शब्द ज्याला उद्देशून लिहिले तो वाचक म्हणजे गावाचा पोस्टमन. मारुती कोणता, ओढा कोणता, हे त्याला ठाऊक असल्यामुळे पत्ता अपुरा राहत नाही. भाषाविज्ञानाच्या परिभाषेत सांगावयाचे तर पत्त्याचा अर्थ मजकुरात आणि संदर्भात विभागलेला आहे, आणि यंत्राच्या हाती केवळ मजकूर लागतो. संदर्भाशिवाय चालणाऱ्या खुणाही आपल्याकडे निर्माण झाल्या नाहीत असे नाही. मुंबईच्या डबेवाल्यांच्या डब्यांवरील अक्षरे, अंक व रंग ह्यांची सांकेतिक लिपी हे त्याचे सुंदर उदाहरण. तीत रस्त्याचे नाव नसते, पण डबा चुकत नाही. मात्र तीही ज्या जाळ्यातून डबा हिंडतो त्या जाळ्यातील माणसांपुरतीच वाचनीय आहे.

स्थळनामांचा गोंधळ तर सर्वांना परिचित आहे. एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव बुद्रुक, वडगाव शेरी आणि वडगाव मावळ आहेत, आणि ग्राहक पुष्कळदा नुसते ‘वडगाव’ लिहितो. ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ हे फार्सी शब्द, थोर व लहान ह्या अर्थाचे. एकाच नावाच्या दोन वसाहती वेगळ्या ओळखण्याची ही जुनी व उत्तम युक्ती. पण लिहिताना त्यांची ‘बु.’ आणि ‘खु.’ अशी रूपे होतात, रोमन लिपीत आणखी निराळी, आणि यंत्र ती अनेकदा निरर्थक समजून सोडून देते. मग खुर्दचा माणूस बुद्रुकात जातो. ज्या युक्तीने भेद राखावयाचा तीच गाळली जाते, हा विनोद म्हटला तर विनोद आहे.

रोमन लिपीने केलेले नुकसान याहून मोठे. ल-ळ, न-ण, त-ट आणि ऱ्हस्व-दीर्घ ‘अ’ हे भेद इंग्रजी पद्धतीच्या साध्या रोमन लेखनात उरत नाहीत. रायगड जिल्ह्यातच ‘महाड’ आहे, चवदार तळ्याचे. आणि खोपोलीजवळ ‘महड’ आहे, अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचे. देवनागरीत एका काना एवढा फरक आहे आणि मराठी वाचकास तो पुरेसा आहे. रोमन लिपीत दोन्ही नावे सर्रास एकाच रीतीने लिहिली जातात. दोन गावांमध्ये सरळ रेषेत सुमारे पाऊणशे किलोमीटरांचे अंतर. जिल्हा एकच असल्यामुळे जिल्ह्याचे नाव दिल्यानेही उलगडा होत नाही. येथे एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो: यादी देवनागरीत मिळाली असेल तर ती रोमन लिपीत उतरवून मूळ रकाना पुसून टाकण्याची घाई करू नये. शोधयंत्राला रोमन नाव अधिक सहज सापडते हे पुष्कळदा खरे असले, तरी रोमन रकाना जोडीला ठेवावा. नामांतरांचेही तसेच. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. यादी दहा वर्षांपूर्वीची असेल तर तीत जुनी नावे असणार, आणि ती जशीच्या तशी राहू देऊन नवी नावे शेजारी लिहिणे हेच शहाणपणाचे.

महाड आणि महड वेगळे ओळखण्यास जे एक साधन उपयोगी पडते ते पिन क्रमांकाचे: महाडचा पिन ४०२ ने सुरू होतो, खोपोलीकडचा ४१० ने. पिन पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी असून संस्कृतचे कवी व नाटककार होते, ही गोष्ट आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी आवर्जून ध्यानात ठेवावी. एकाच नावाची गावे आणि पत्ते लिहिण्याच्या अनेक भाषा व लिप्या ह्यांनी टपालाची जी अडचण होत असे तिच्यावर सहा आकड्यांचे हे उत्तर होते. भाषेची संदिग्धता भाषेबाहेर नेऊन सोडविण्याचा हा प्रयत्न. जुन्या याद्यांतील ‘पुणे ३०’ किंवा ‘मुंबई २८’ हे त्यापूर्वीच्या विभागक्रमांकांचे अवशेष होत. तेच पुढे ४११०३० आणि ४०००२८ झाले, आणि तक्त्यात एका सूत्राने त्यांचे पिन करून घेता येतात.

तथापि पिनवर सर्व भार टाकणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. पिन हा टपालाच्या वाटेचा क्रमांक आहे, राज्यकारभाराच्या हद्दीचा नव्हे. म्हणून रायगड जिल्ह्यातील खोपोली आणि पुणे जिल्ह्यातील लोणावळा हे दोन्ही ४१० मध्ये येतात, आणि त्याच रायगडातील महाड ४०२ मध्ये. ज्याने पिनवरून जिल्हावार बेरजा केल्या त्याच्या बेरजा घाटमाथ्यावर आणि घाटाखाली बिघडणार. शिवाय नुसत्या पिनवरून पडलेला बिंदू म्हणजे त्या क्रमांकाखालील साऱ्या मुलखाचा काढलेला मध्य. तो डोंगरावरही पडू शकतो, शेतातही. आणि त्या क्रमांकाचे चाळीस ग्राहक असले तरी ते एकाच बिंदूखाली एकावर एक रचले जाऊन पाहणाऱ्यास एक दिसतात.

आता सर्व चुका एकत्र धरल्या तर त्या नकाशावर विखुरलेल्या राहत नाहीत, हे ह्या विवेचनातील मर्म आहे. चुका सर्वत्र सारख्या असत्या तर त्या एकमेकींस बऱ्याच अंशी झाकून टाकीत. पण तसे होत नाही. ज्याच्या इमारतीला नाव, रस्त्याला नाव आणि सदनिकेला क्रमांक आहे त्याचा बिंदू अचूक पडतो. कोकणातील वाडी, ठाणे-पालघरकडील पाडा, मराठवाड्यातील तांडा, देशावरील मळा किंवा वस्ती, आणि मुंबईतील चाळीतली वा झोपडपट्टीतली खोली, ह्यांचे पत्ते एक तर सापडत नाहीत, किंवा टपालकचेरीच्या गावावर, तालुक्याच्या ठिकाणावर गोळा होतात. न सापडलेल्या ओळींची सूचना यंत्र देते. परंतु ती सूचना मिटवून पुढे जाणे इतके सोपे आहे की बहुतेक जण तेच करतात. परिणामी ग्राहक कोठे आहेत हे दाखविण्यासाठी काढलेला नकाशा वस्तुतः कोणाचे पत्ते यंत्राच्या व्याकरणात बसतात हे दाखवितो. त्रैमासिकाच्या चालकांनी असा नकाशा प्रमाण मानला असता, तर वर्षानुवर्षे वर्गणी धाडणाऱ्या वाडीवरच्या शिक्षकाला त्यांनी नाहीसे ठरविले असते, आणि ते आकडेवारीच्या आधारे ठरविले असे त्यांस वाटले असते.

उपाय खर्चाचा नाही, कष्टाचा आहे. मूळ पत्ता जसा लिहून आला तसा एका रकान्यात ठेवावा आणि त्यास पुन्हा हात लावू नये. त्याचे विच्छेदन पुढील रकान्यांत करावे: घर, आळी वा वाडी, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन. ‘जवळ’, ‘मागे’, ‘समोर’ ह्यांनी युक्त पदे निराळ्या रकान्यात घालावी. यंत्राकडे पाठविताना ती वगळली तर उत्तर बहुधा सुधारते, पण माणसाने तपासताना तीच उपयोगी पडतात. ‘बु.’ व ‘खु.’ पूर्ण शब्दांत लिहावे. उत्तर आले की अक्षांश-रेखांशांशेजारी उत्तराचा दर्जा लिहिणारा एक रकाना हवाच हवा: घरापर्यंत, रस्ता वा पेठेपर्यंत, गावापर्यंत, केवळ पिनपर्यंत, किंवा सापडले नाही. ह्या एका रकान्यासाठी मी विद्यार्थ्यांशी हुज्जत घालण्यास तयार असतो. नकाशा काढताना त्याच्याच आधारे बिंदूंचे रंग निराळे करावे. आणि गावापेक्षा ढोबळ असलेल्या उत्तरांचे बिंदू मुळीच न काढता त्यांची संख्या तालुक्यावर लिहावी, म्हणजे अज्ञान ज्ञानाच्या वेषात मिरवणार नाही. राहिलेले पत्ते माणसाने वाचावे. त्या भागातला विद्यार्थी, तेथील पोस्टमन किंवा खुद्द ग्राहक ह्यांस विचारून एका दुपारी जेवढे उलगडतात तेवढे शोधयंत्राला आठवडाभर छळून उलगडत नाहीत.

बोलींच्या अभ्यासकास ह्यातील बरेच ओळखीचे वाटेल. झिलिएरों ह्याने फ्रान्सच्या भाषिक नकाशासंग्रहासाठी (१९०२ ते १९१०) ६३९ स्थळे निश्चित केली, त्यांस क्रमांक दिले, आणि एडमाँ हा त्याचा सहकारी स्वतः त्या स्थळी जाऊन उत्तरे लिहून घेत असे. तेथे आधी बिंदू होता, मग शब्द. आपण जेव्हा आज एखादी प्रश्नावली फोनवरून पाठवून निवेदकाला गावाचे नाव लिहावयास सांगतो, तेव्हा क्रम उलटतो: आधी शब्द, मग नावावरून बिंदू. म्हणून वर वर्णिलेले सर्व दोष शब्दनकाशातही जसेच्या तसे उतरतात, आणि ‘महड’चा निवेदक ‘महाड’ला गेला तर उत्तर कोकणातील रूप दक्षिणेस सरकून एक नवीच बोलीसीमा उत्पन्न होऊ शकते. डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण हाती घेऊन त्याचे शब्दनकाशे ऑनलाइन उपलब्ध केले, ते प्रत्यक्ष गावी जाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणांवर आधारलेले आहेत. त्यांची विश्वसनीयता बऱ्याच अंशी ह्या एका गोष्टीत आहे.

नेमकेपणाला मर्यादाही हवी. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांशचिन्हापुढे चार स्थळे दिली की जागा अकरा मीटरांपर्यंत आवळत येते, म्हणजे ग्राहकाचे दार दिसू लागते. चालकांना गठ्ठ्याचे गाव ठरविण्यास दोन स्थळे, म्हणजे साधारण एक किलोमीटर, पुरेशी आहेत. नाव, फोन आणि दाराचा बिंदू असलेला नकाशा दुव्याद्वारे कोणासही उघडता येईल असा ठेवणे हा अविचार तर आहेच, परंतु २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याचाही तेथे विचार करावा लागतो. वर्गणीसाठी दिलेला पत्ता वर्गणीसाठीच दिलेला असतो. क्यूजीआयएस हे मुक्त साधन स्वतःच्या संगणकावर चालते आणि नकाशा बाहेर जाऊ देत नाही. मात्र पत्त्याची स्थाननिश्चिती परक्या सर्व्हरकडून करून घेतली तर यादी तेवढ्यापुरती बाहेर जाते, हे जाणून असावे. नावांचा रकाना तरी त्या वेळी काढून ठेवावा.

२०२५ मध्ये भारतीय टपाल खात्याने ‘डिजिपिन’ ही नवी पद्धत जाहीर केली. हैदराबादची आयआयटी आणि इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र ह्यांच्या साहाय्याने ती सिद्ध झाली. साऱ्या देशाचे सुमारे चार मीटर बाजूच्या चौरसांत विभाजन करून प्रत्येकास अक्षरे व अंक मिळून दहा चिन्हांचा संकेत दिला आहे, आणि तो अक्षांश-रेखांशांवरूनच गणिताने निघतो. वेलणकरांनी जे काम टपालकचेरीपर्यंत नेले ते आता उंबरठ्यापर्यंत गेले, असे म्हणावयास हरकत नाही. वाडीवरच्या वर्गणीदाराने आपल्या अंगणात उभे राहून फोनवर आपला डिजिपिन पाहिला आणि वर्गणीच्या अर्जावर लिहिला, तर मुक्काम, पोस्ट आणि मारुतीचे देऊळ ह्यांपैकी काहीही यंत्राला वाचावे लागणार नाही. नव्या अर्जांत त्यासाठी एक रकाना अवश्य ठेवावा. जुन्या यादीस मात्र त्याचा उपयोग नाही. पत्त्यावरून डिजिपिन काढावयाचा तर आधी ती जागा कोठे आहे हे ठरवावे लागते, आणि तेथे पुन्हा ‘ओढ्यापलीकडे’ ह्या शब्दाशी गाठ पडते. ज्या विद्यार्थ्यांस स्वतःच्या निवेदकांच्या यादीवर हे काम करून पाहावयाचे असेल, त्यांच्यासाठी वर सांगितलेल्या रकान्यांचा कोरा तक्ता विभागात ठेवला आहे.